आतडं जागं होईपर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी माणसाला आधी पोटानं ओळखतात, चेहरा मागाहून. बाजारात कुणी थांबून "सिस्टर, ओळखलंत का मला?" असं विचारलं, की त्या कोऱ्या नजरेनं बघत राहतात. मग विचारतात, "कसलं ऑपरेशन झालं होतं?" समोरचा म्हणतो, "पित्ताशयाचं." लगेच वहिनींच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड. "अगं बाई, तुम्ही होय! तुमचं पोट म्हणजे काय रुसूबाई हो! मनधरणी करून करून थकले होते मी." शेजारी उभी असलेली त्या गृहस्थाची बायको भाजीच्या पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागते. हा देखावा मी इतक्यांदा पाहिलाय, की वहिनी बाजाराला निघाल्या की मलाही काहीतरी आणायचं हटकून आठवतं.

वहिनी सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर. निवृत्तीला टेकलेल्या. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी काही काळ झोपी जातात. डॉक्टरांचे हात लागलेले त्यांना सोसत नाहीत. ती जागी होईपर्यंत रोग्याला जेवण नाही, काही नाही. आणि ती जागी झाली हे कळायची खूण काय? आता लाजायचं कशाला, तुमच्याही घरात होतं ते. वारा सरणं. म्हणून सकाळी वॉर्डात शिरल्या की खाटेखाटेपाशी वहिनींचा एकच प्रश्न: "वारा सरला का?" त्यावरून रोग्यांनी त्यांचं नाव पाडलं वाराबाई. ज्यांच्यासमोर एरवी लोक खुर्चीवर टेकायला धजत नाहीत, असे न्यायाधीश आणि प्राचार्य तिथं पाठीमागे नाड्या बांधलेला झगा घालून पडलेले असतात आणि वाराबाई जवळ आल्या की शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून म्हणतात, "नाही हो अजून." एखाद्याचा सरला की बाकीच्या खाटा त्याच्याकडे हेव्यानं बघतात. नोकरीत बढती मिळालेल्याकडेसुद्धा माणूस इतक्या हेव्यानं बघत नाही.

वहिनींची ऐकायची रीतही जगावेगळी. गळ्यात स्टेथोस्कोप लटकत असायचा, पण तो डॉक्टर बघत असतील तेव्हापुरता. खरं ऐकायचं असलं की त्या रोग्याच्या पोटावर धुतलेला पातळ पंचा पसरायच्या आणि त्यावर सरळ कान टेकायच्या. डोळे मिटलेले. एक हात खाटेच्या कडेला. "नळीतून पोट लांबचं वाटतं," म्हणायच्या, "कान टेकला की घरात शिरल्यासारखं होतं." अशा वेळी त्यांच्याकडे बघितलं, तर बाई ड्यूटीवर नाही, कुठल्यातरी तळ्याच्या काठावर आडवी झालीय आणि पाण्याखाली कुणी चालतंय ते ऐकतेय, असं वाटायचं. मग केव्हातरी ओठांचा कोपरा हलायचा. "उठलं गं बाळ," असं पुटपुटायच्या आणि पंचा घडी करून पुढच्या खाटेकडे. नवे डॉक्टर सांगायचे, "सिस्टर, आता आम्ही आवाजावर फारसं जात नाही. झोपलेल्या आतड्यातही आवाज येतात, जागं असून येत नाहीत." वहिनी म्हणायच्या, "बरं." आणि पुन्हा कान टेकायच्या.

त्यांचे यजमान म्हणजे माझे पत्त्यांतले जोडीदार. रेल्वेच्या सिग्नल केबिनीत जन्म काढलेला माणूस, म्हणून आम्ही सगळे त्याला केबिन म्हणतो. पत्ते पिसतानासुद्धा तो सिग्नलचा लिव्हर ओढल्यासारखे पिसतो. केबिनचा विश्वास कशावर, तर गाड्यांना हुकूम सोडणाऱ्या वरच्या कंट्रोलवर. "कंट्रोलचा फोन आल्याशिवाय माझ्या केबिनीसमोरून मुंगी सरकायची नाही," हे तो इतक्या अभिमानानं सांगतो, जणू मुंग्यांनी त्याची लेखी परवानगी मागितली होती.

या एका गोष्टीवरून नवराबायकोचं आयुष्यभर वाजलं. मी पत्ते हातात धरून ते ऐकत आलो. फुकटची करमणूक कोण सोडतो?

"पोटाला स्वतःची अक्कल असते," वहिनी आतून चहा आणता आणता म्हणायच्या.

"अक्कल डोक्यात असते," केबिन.

"तुमची असेल. आतड्याच्या भिंतीत ना, भाऊजी, दोन स्नायूंच्या थरांच्या मधोमध मज्जातंतूंची जाळी असते. अगदी वरपासून खालपर्यंत विणलेली. आणि आतल्या अस्तराखाली आणखी एक. पाठीच्या कण्यात असतात जवळजवळ तितक्या पेशी तिथं बसलेल्या असतात. काय आलं, किती आलं, पातळ की घट्ट, तिखट की कसं, हे त्यांचं त्या बघतात आणि त्यांचं त्या ठरवतात. घुसळायचं की पुढं ढकलायचं."

"आणि डोकं काय करतं? माशा मारतं?"

"डोक्याला तार गेलेली असते की. पण त्या तारेतून खालून वर बातम्याच जास्त जातात. वरून खाली हुकूम थोडेच येतात. आणि तार तोडली तरी आतड्याचं काम थांबत नाही."

मग त्या हमखास शिकाऊ असतानाची गोष्ट सांगायच्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळकांड्यात कोमट खारं पाणी, त्यात खालून हवेचे बुडबुडे आणि मध्ये दोऱ्यानं टांगलेला कुठल्याशा प्राण्याच्या आतड्याचा बोटभर तुकडा. ना डोकं, ना धड, ना भूक. आणि तो तुकडा हलत होता. सावकाश आखडायचा, सैल व्हायचा, पुन्हा आखडायचा. "खिडकीतून ऊन येत होतं हो पाण्यावर," वहिनींचा आवाज इथं हळू व्हायचा. "बाकीच्या मुली पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी तिथंच. मला वाटलं, हा तुकडा झोपलाय आणि त्याला आपण अजून पोटातच आहोत असं स्वप्न पडलंय."

केबिन मात्र तांत्रिक बाजूला घुसायचा. "घास पुढं सरकतो कसा, ते सांग."

"घास जिथं असेल त्याच्या मागची बाजू आवळते, पुढची सैल पडते. झालं. घास सरकला, की तिथं पुन्हा तेच."

"म्हणजे मागचा सिग्नल लाल, पुढची लाईन मोकळी. हे तर आमचंच! पण हुकूम कोण देतं?"

"कुणी नाही. शेजारचा शेजारच्याला सांगतो."

"मग अपघात होणार," असं म्हणून केबिन पत्ता टाकायचा. बहुतेक चुकीचा.

अपघात झाला तो केबिनच्याच पोटात. तरुणपणी कधीतरी अपेंडिक्स काढलेलं, त्या जुन्या व्रणाच्या पट्ट्याभोवती आतड्याला पीळ पडला. दुखायला लागलं तेव्हा गडी सकाळभर 'गॅस असेल' म्हणत कोपऱ्यात बसून होता. वहिनी ड्यूटीवरून आल्या, पोटावर हात ठेवला आणि चप्पल न काढता तशाच परत फिरल्या, त्याला घेऊन. ऑपरेशन झालं. पीळ सोडवला, काळं पडलेलं थोडं आतडं कापून दोन टोकं जोडली. ते सगळं नीट पार पडलं. पण टेबलावर त्याच्या हृदयानं बराच त्रास दिला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये, एवढं बघा. दुसऱ्यांदा हे हृदय सोसेल याची मी खात्री देणार नाही."

ती वेळ कधी येणार होती, ते वहिनींना कुणी सांगायची गरज नव्हती. आतडं वेळेत जागं झालं नाही, तर जोडलेल्या जागी काहीतरी बिघडलंय की काय, हे पोट पुन्हा उघडून बघावं लागतं.

मेट्रननं त्यांना सक्तीची रजा दिली. "या खाटेपाशी तू सिस्टर नाहीस. तू नातेवाईक. नातेवाईकांसारखी बस, रड, डॉक्टरांना तेच तेच विचार." वहिनींना यातलं एकही जमेना. त्या स्टुलावर ताठ बसायच्या आणि कुणी बघत नाही असं बघून पंचा पसरायच्या.

मी रोज दुपारी जायचो. त्या वॉर्डातली दुपार म्हणजे वेगळाच देश. पडदे ओढलेले, त्यांतून मधासारखा उजेड झिरपतोय, पंखे जड झालेले, कुणाच्या तरी सलाईनमध्ये थेंब पडताना दिसतोय, पण पडला कधी ते कळत नाही. केबिनच्या नाकातून नळी आणि नळीतून खालच्या पिशवीत हिरवट पाणी उतरतंय. वहिनी पोटावर कान ठेवून. मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "भाऊजी, मी कितीतरी पोटं गप्प असताना ऐकलीत. पण त्या गप्पपणात कुणीतरी असतं. दार लावून आत बसलेलं. इथं घरच रिकामं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर वहिनींचा चेहरा उजळलेला. "ऐकलं! दोनदा ऐकलं. लांबलचक गडगड झाली. उठलंय!" तरणा डॉक्टर फेरीवर आला. याच वॉर्डात वहिनींनी त्याला सलाईन लावायला शिकवलेलं. एरवी आवाजावर न जाणारा तो मुलगा, पण त्या चेहऱ्यापुढे त्याचंही काही चालेना. पोट दाबून बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं, नळी बंद करून बघू. घोट घोट पाणी द्या."

दुपारपर्यंत केबिनचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं. मग उलट्या. टाके धरून उलट्या करणाऱ्या माणसाकडे बघवत नाही हो. पुन्हा नळी, पुन्हा तो हिरवा ओघळ. तरणा डॉक्टर एवढंसं तोंड करून म्हणाला, "सिस्टर, चूक माझी. मीच घाई केली." 

संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर त्यांनी पुन्हा कान टेकला. मी समोरच होतो. बराच वेळ काही नाही. मग एकदम त्यांचा हात वर झाला, 'थांबा, आलं, ऐकू आलं' असा. त्या हरखून उठून बसल्या. आणि बसल्याबसल्या त्यांचा चेहरा उतरत गेला. कारण कान पोटावरून उचलला तरी गडगड चालूच होती. मलासुद्धा ऐकू येत होती. ती वहिनींच्या पोटात होत होती.

ऑपरेशन झाल्यापासून बाईच्या पोटात चहापलीकडे अन्न गेलं नव्हतं. रिकामं आतडं काही गप्प बसत नाही. अधूनमधून वरपासून खालपर्यंत केर काढल्यासारखं झाडून घेतं, त्याचाच तो आवाज. वाकून कान टेकला, की स्वतःच्याच हाडांतून तो कानात पोचायचा. स्टेथोस्कोप वापरणाऱ्या कुणालाही ही चूक साधली नसती. त्यासाठी पोटाला कान लावणारी बाई हवी आणि ती नवऱ्याच्या काळजीनं उपाशीही हवी.

"मी माझंच पोट ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "आणि यांना पाणी पाजलं." पंचा घडी न करता त्यांनी तो उशाशी टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी मोठे सर्जन आले. पोट बघितलं, एक्स-रेचा फोटो बघितला, केबिनला विचारलं, "गॅस पास झाला?" केबिननं मान हलवली. नाही. सर्जन वहिनींना म्हणाले, "जोडलेल्या जागेचा मला भरवसा वाटेनासा झालाय. आजचा दिवस थांबू. उद्या सकाळपर्यंत काही झालं नाही, तर उघडावं लागेल. भुलीवाल्या मॅडमशी मी बोलतो." वहिनी "हो सर" म्हणाल्या, वर्षानुवर्षं म्हणत आल्या तशाच. मग स्टुलावर बसल्या आणि केबिनच्या पोटाकडे टक लावून राहिल्या. कान लावायची हिंमत नव्हती आणि नजर काढायचीही.

दुपारी केबिन दुखण्याच्या औषधाच्या गुंगीतून वर आला. डोळे अर्धे उघडे.

"मी केबिनीत होतो," तो म्हणाला.

"तुम्ही वॉर्डात आहात," वहिनी.

"नाही गं, ऐक. केबिनीतच होतो. बाहेर धुकं. फोन उचलला, मेलेला. कंट्रोलला हाका मारल्या, कुणी नाही. मला घाम फुटला, म्हटलं, आता सगळ्या गाड्या एकमेकींवर चढणार. खिडकीतून बघतो तर रूळ नाहीतच. नुसता एक ओला गुलाबी बोगदा, वळणावळणानं गेलेला. श्वास घेतल्यासारखा हलत होता. आणि पलीकडच्या केबिनीत दिवा लागला. मग तिच्या पुढच्या. तिच्या पुढच्या. माणूस कुठंच दिसत नव्हता. माझा लिव्हर आपोआप खाली आला, मागचा वर गेला. मी हात लावला नाही. आणि काहीतरी गेलं बघ माझ्या समोरून. हळूच. चाकांचा आवाज नाही. मी नुसता हिरवा कंदील धरून उभा."

"औषधामुळे पडतात तसली स्वप्नं," वहिनी म्हणाल्या. त्या त्याच्या कपाळावर ठेवायची घडी भिजवून आणायला नळाकडे गेल्या.

त्या वळल्या मात्र, केबिननं माझं मनगट धरलं. आजारी माणसाला इतका जोर असतो हे मला माहीत नव्हतं.

"अरे, हिला बाहेर ने."

"का रे?" मला वाटलं, निरवानिरवीचं काही बोलायचंय.

"ने म्हणतो ना! लांब ने. जेवायला ने."

"काही सांगायचंय का तुला? पोरांना निरोप वगैरे?"

"गाढवा," तो दात आवळून म्हणाला, "सकाळपासून दाराशी येऊन थांबलंय."

"कोण?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मला उत्तर मिळालं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. या माणसानं उभ्या संसारात बायकोसमोर कधी वारा सोडला नव्हता. अवेळी उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचा. आम्हाला वाटायचं, काय झाडांचं वेड! भर पावसात कुंड्यांना पाणी घालताना मी त्याला खालून बघितलंय. बायको दिवसभर दुनियेकडे ज्याची विचारपूस करून घरी यायची, ते घरात मात्र कधी घडलंच नाही, अशा थाटात दोघांनी जन्म काढलेला.

"अरे मूर्खा," मी कुजबुजलो, "अख्खं हॉस्पिटल त्याची वाट बघतंय! उद्या तुला कापायला निघालेत! आणि तू दाबून धरलंस?"

"ती कान लावून बसते रे पोटावर. आज कान नाही तर डोळे." तो रडायच्या बेतात होता. "असं कसं सोडू? ती काय म्हणेल?"

"सर्जनला खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुठं? त्यांनी विचारलं, झाला का. नव्हता झाला."

मी आरडाओरडा करून सगळा वॉर्ड गोळा करू शकलो असतो. मोह झाला, नाकारत नाही. पण त्याचा तो चेहरा बघून मी उठलो, नळाकडे गेलो आणि भिंतीला धरून म्हटलं, "वहिनी, चक्कर येतेय. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

एरवी आग लागली तरी स्टूल न सोडणारी बाई, पण चक्कर म्हटल्यावर तिच्यातली सिस्टर जागी झाली. ओली घडी केबिनच्या कपाळावर ठेवून त्यांनी माझा दंड पकडला आणि मला जिन्यानं खाली कॅन्टीनमध्ये नेलं.

कॅन्टीनमध्ये तेव्हा कुणी नव्हतं. काउंटरवरच्या पातेल्यातून वाफ वर जात होती आणि मोठ्या खिडकीच्या काचेवर बसून तिचं पाणी होत होतं. बाहेरची झाडं त्या काचेतून वितळल्यासारखी दिसत होती. मी ऑम्लेट-टोस्ट मागवले आणि एक बशी वहिनींच्या पुढे सरकवली. "एकट्यानं खाल्लं की मला आणखी चक्कर येते." त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. मग त्या अशा खायला लागल्या, की माझ्या बशीतलाही टोस्ट मी मुकाट तिकडे सरकवला.

खाता खाता त्यांचे डोळे दूर गेले. "बघा ना भाऊजी, हा घास. तोंडात आहे तोवर माझा. चावायचा की थुंकायचा, मी ठरवणार. गिळला, की गेला. आता मी हाका मारल्या तरी ऐकणार नाही. आत सगळा दुसराच मुलूख. तिथं माझं नाव कुणाला माहीत नाही, मी सिस्टर आहे की कोण, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. मी झोपले, रडले, कामात बुडाले, तरी ते आपले त्याला हातोहात पुढं नेणार. कधी कधी मला वाटतं, आपण म्हणजे त्या मुलखावरचं नुसतं छप्पर."

काचेवरचा एक थेंब घरंगळत खाली आला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"यांच्यावर मी इतकी नजर ठेवून बसले, जणू माझ्या बघण्यानंच ते उठणार आहे. तिथं माझं काय चालतंय? यांचं स्वतःचंही चालत नाही. एकदा गिळलं, की माणसाच्या हाती पुन्हा येतं ते थेट शेवटचं दार. तेवढंच काय ते उघडायचं की धरून..."

घास तोंडाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहात साखर ढवळत होतो. चहा संपलेला होता.

"भाऊजी."

"काय?"

"चक्कर गेली वाटतं तुमची."

"बरीच."

"तुम्ही मला इथं का आणलंत?"

मी काही बोलायच्या आत खुर्ची मागे पडली. या वयात दोन दोन पायऱ्या चढताना मी वहिनींना पहिल्यांदा बघितलं. मागून मी धापा टाकत.

वॉर्डात शिरलो तर पडदे सरकवलेले, उजेड पसरलेला आणि खाटाखाटांवर माणसं उठून बसलेली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते हसू, जे हसलं तर टाके दुखतात म्हणून दाबून धरावं लागतं. केबिन भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे कान लालबुंद.

शेजारच्या खाटेवरच्या हर्नियावाल्या हेडमास्तरांनी घसा साफ केला. "अभिनंदन, सिस्टर. आम्ही सर्व उपस्थित होतो."

"चांगला खणखणीत," पलीकडून एक आवाज.

"मास्तर तर दचकून जागे झाले!"

वहिनी खाटेपाशी गेल्या. "कधीपासून धरून ठेवलं होतंत?"

भिंतीला उत्तर दिल्यासारखा केबिन म्हणाला, "सकाळपासून."

"सकाळपासून! मी इथं जीव मुठीत धरून बसलेय, उद्या तुम्हाला आत नेतील, परत आणतील की नाही, म्हणून... आणि तुम्ही... माझ्यापासून? मी जन्मभर केलं काय हो? हेच तर विचारत फिरले!"

"ते लोकांना," केबिन म्हणाला.

"काय?"

"लोकांना विचारतेस तू. ते वेगळं. मी काय तुझा पेशंट आहे?"

वहिनी तोंडावर पदर धरून स्टुलावर बसल्या. हसताहेत की रडताहेत, ते मला कळेना, आणि मला असल्या गोष्टी लवकर कळतात. खांदे हलत होते. केबिननं हळूच मान वळवून बघितलं, मग खाटेच्या कडेवरून हात खाली सोडला. तो हात त्यांनी धरला. हेडमास्तरांनी इतरांना खुणेनं तोंडं फिरवायला लावली. शिस्तीचा माणूस.

तेवढ्यात तरणा डॉक्टर धावत आला. बातमी त्याला जिन्यातच लागली होती. "काका, खरं ना? एकदाच झाला की पुष्कळदा?"

"हिला बाहेर पाठवा," केबिन म्हणाला, "मग सांगतो."

"मी हलणार नाही," वहिनी म्हणाल्या.

केबिननं छताकडे बघितलं. मग डोळे मिटून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा म्हणाला, "तीन-चारदा."

टाळ्या वाजल्या. ज्यांचे टाके ताजे होते त्यांनी खाटेच्या लोखंडावर चमचे वाजवले.

सर्जन उन्हं उतरताना आले. पोट मऊ पडलं होतं. नळीतला ओघळही आटत आला होता. नवा फोटो उजेडाकडे धरून त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि तो वहिनींच्या हातात दिला. "उद्याचं रद्द. नळी सकाळी काढू. पाणी बेतानं सुरू करा." वहिनी या वेळी "हो सर" म्हणायला विसरल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा नळी निघाली होती आणि नाक पुन्हा माणसाचं दिसत होतं. वहिनी वाटीतून चमच्यानं पाणी देत होत्या. दुनियेला पाणी पाजलेला तो हात, पण थोडं पाणी केबिनच्या हनुवटीवर सांडलं. त्यानं उरलेलं गिळलं. डोळे मिटले. पडदा वाऱ्यानं आत आला, त्याच्या पायांवरून फिरला आणि परत गेला.

"कुठवर पोचलं असेल?" केबिननं विचारलं.

"मला काय ठाऊक," वहिनी म्हणाल्या. "चाललं असेल."

दुसरा चमचा. वॉर्ड इतका निवांत होता, की आम्ही तिघंही त्या घोटाभर पाण्याच्या मागोमाग कुठंतरी चाललोय, असं मला वाटायला लागलं. खाली, आणखी खाली, वळणावळणानं, जिथं कुणी आपल्याला ओळखत नाही आणि तरी वाट करून देतं. वहिनींनी वाटी खाली ठेवली. कान लावायला त्या वाकल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या आणि बसल्याबसल्या त्यांचे डोळे जड व्हायला लागले.

मग केबिनच्या कपाळावर एक आठी पडली, कुठूनतरी लांबून निरोप यावा आणि तो नीट लागू नये, तशी. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"अगं," तो म्हणाला, जरा नवलानंच, "मला भूक लागलीय."

वहिनींनी डोळे न उघडता हात वर केला. "गप पडा. सर दोन चमचे म्हणालेत ना? दोनच."

"बिस्किट?"

"भाऊजी, यांना सांगा हो काहीतरी," असं म्हणता म्हणता त्यांची मान खाटेच्या कडेला टेकली आणि केबिननं आपलं अर्धं पांघरूण त्यांच्या खांद्यावर ओढलं.